दिंद्रुड ते धर्मापुरी : लागणारा वेळ

आबांना कुणी "अमकं गाव किती लांब हाय?" असं विचारलं की ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघत. मग तोंडाकडे. मग म्हणत, "कोन चाललंय? कशापाई चाललंय? जेवून निघनार का उपाशी?" तोवर बिचारा माणूस दुसऱ्या कुणाला तरी विचारून वाटेला लागलेला असे. आबा त्याच्या पाठीकडे बघत मान हलवत, "ह्याला चार कोस पडत्याल. मला सहा पडत्यात."

असं बोलणारा माणूस निजामाच्या सरकारात मोजणीदार होता, हे आज कुणाला सांगून पटत नाही. तेव्हा मलाही पटत नव्हतं. मी बीडच्या कचेरीत नकलनवीस होतो. आबांनी शेतं मोजून नकाशे आणायचे आणि मी त्यांच्या स्वच्छ प्रती करायच्या, असं आमचं काम. माझं अक्षर सुबक होतं, आकडा कधी चुकत नसे, आणि या दोन्हींचा मला चांगलाच ताठा होता. दौत उजव्या हाताला म्हणजे उजव्याच हाताला लागे. अशा माणसाच्या समोरच्या बैठकीवर सरकारनं आबांना आणून बसवलं होतं. कचेरीत लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणत. त्यांचं पगारपत्रकावरचं नाव मलासुद्धा दर वेळी आठवावं लागे.

त्यांच्यात खोट काढायची तर कुठं काढावी हेच कळत नसे. जमिनीच्या मोजणीत त्यांच्याएवढा चोख माणूस मी पाहिला नाही. साखळीची एक कडी वाकलेली दिसली तर दिवसभराची मोजणी रद्द करून दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करत. बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी आबांची साखळी बोटभर सरकत नसे. पण हाच माणूस वाटेचं अंतर सांगायची वेळ आली की वेड्यासारखं करी. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "जिमीन जागची हालत न्हाई, म्हनून ती मोजाया येती. वाट हालती गड्या."

त्यांच्याजवळ खिशातलं एक घड्याळ होतं. प्रवासाला निघताना ते कोनाड्यात ठेवून जात. घड्याळाला हिसके सोसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वेळ ते भाकरीवर मोजत. दोन भाकरी खाऊन निघालेल्या गड्याला भूक कुठल्या ओढ्याजवळ लागते, तहान कुठल्या चिंचेखाली लागते, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या एका वहीत मी लपून डोकावलो होतो. 'दिंद्रुडाहून गेवराई, बाजारासाठी' आणि त्याखाली 'दिंद्रुडाहून गेवराई, कोर्टाच्या तारखेसाठी'. तोच माणूस, तीच गाडी, तेच बैल. दुसऱ्या ओळीत अंतर सव्वापट! मी वही मिटली आणि पाणी पिऊन आलो.

आता विमानांकडे वळतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

त्या दिवसांत हैदराबादेवरून विमानं जायला लागली होती. आमच्या जिल्ह्यात त्यांचं काही काम नव्हतं. पण वाटेत एखादं बिघडलं तर उतरायला सपाट जागा असावी, म्हणून सरकारनं ठिकठिकाणी मैदानं राखून ठेवली. आमच्या वाट्याला दोन आली. एक दिंद्रुडला, म्हणजे आबांच्याच गावी, आणि दुसरं धर्मापुरीला. दोन्ही आबांनीच मोजून दिली. गायरानातला मोठा तुकडा, त्यावरची झाडझुडपं तोडलेली, मधोमध चुन्याचं वर्तुळ, आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूच्या टोकाला कापडाची पिशवी. दोन वर्षांत दोन्हीकडं उतरल्या त्या फक्त टिटव्या.

आणि एके दिवशी हैदराबादेहून एक तक्ता आला. मैदानाची लांबी, रुंदी, माती कसली, पाणी किती दूर, असे बरेच रकाने होते. शेवटचे दोन असे: जवळच्या दुसऱ्या मैदानापर्यंतचं अंतर, आणि तिथं पोचायला लागणारा वेळ. आबांनी सगळे रकाने मोत्यासारखे भरले आणि शेवटचे दोन कोरे ठेवले. दोन महिने कोरे ठेवले.

पेशकारसाहेब, म्हणजे आमच्या कचेरीचे कर्तेधर्ते, वैतागून गेले. "अजी, इसमें सोचना क्या? लिख डालो कुछ बी!"

आबा हात जोडून म्हणाले, "सायब, लागनारा वेळ म्हंजी कुनाला लागनारा? त्ये लिव्हलेलं न्हाई ह्याच्यात."

पेशकारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी हुकूम सोडला की या नकलनविसाला बरोबर न्या, दिंद्रुडाहून धर्मापुरीला जा, आणि आकडा घेतल्याशिवाय परत येऊ नका. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात निरर्थक सफर ठरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

चैत्राचं ऊन होतं. दिंद्रुडहून आम्ही आबांच्या गाडीनं निघालो. त्यांनी गाडीत घरच्या ज्वारीचं एक गाठोडं टाकलं होतं. वाटेत मी ज्याला त्याला अंतर विचारत होतो. दिंद्रुडकडचे लोक सोळा कोस सांगत, पलीकडून येणारे बावीस सांगत. आबा खूष होऊन म्हणत, "दोगंबी खरं सांगत्यात." परळीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा जेवायला बसले ते मी बघतच राहिलो. चार भाकरी, पिठलं, वर तांब्याभर ताक, पुन्हा दोन भाकरी. मी म्हटलं, आबा, दुपारी पोचतोच आहोत की. त्यांनी आणखी एक भाकरी मोडली.

उन्हं चढता चढता धर्मापुरीची शीव आली. शिवेच्या दगडाअलीकडे एक विहीर होती. तिथं आबा उतरले, पोटभर पाणी प्यायले, तांब्या भरून फडक्यानं तोंड बांधून गाडीत ठेवला. मग दगडाला हात लावून म्हणाले, "आता हितनं फुडं मला कुनी कायबी दिऊ नगा."

धर्मापुरीत त्यांची लेक दिली होती. गोदा तिचं नाव. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे आबांनीच वाढवलेली एकुलती एक पोर. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही रीत आपल्याकडे आहेच. मीही पाळली असती. पण लोक घरचं जेवण टाळतात, आबांनी गावच टाकलं होतं. शिवेच्या आत अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि गोदाची कूस उजवली नव्हती. नऊ वर्षं हा माणूस पहाटे परळीत उंटासारखा जेवून येत होता, आणि भूक-तहान आवरेनाशी होईपर्यंत लेकीजवळ बसून परत शीव गाठत होता.

तिच्या घरी सासूनं पाणी पुढं केलं, आबांनी तांब्याला नुसता हात लावला. गोदानं दोन ताटं वाढली. एक माझ्यापुढं, एक त्यांच्यापुढं. त्यांनी ताटाला नमस्कार केला, तिनं ते उचलून नेलं. बोलले काय, तर गाईला पाडी झाली, कडुनिंबाची फांदी पडली, विमानाचं मैदान मोजताना साखळी कुठं अडली होती. ते म्हणाले, "त्येवडा तुकडा म्या तुमच्या शिवारातनं काढला बरं का. आता कागदावर त्यो ना धर्मापुरीचा, ना कुनाचा. सरकारचा." गोदा सुपातले खडे वेचत होती. तिचा हात थांबला, आणि मग ती पुन्हा वेचायला लागली.

मी आपला जेवत होतो. भूक लागली होती, हे खरं आहे.

उन्हं कलायच्या आधीच गोदा म्हणाली, "आबा, निघा आता. तोंड सुकलं तुमचं."

"बसतो की जरा."

"मागल्या खेपंला शिवंवर चक्कर आलती. गाडीवान सांगत हुता. उठा."

ते उठले. शीव ओलांडून विहिरीपाशी आलो तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तांब्या तोंडाला लावला तर अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही.

"आबा, एक दिवस मोडा ना नेम. कोण बघतंय?"

"ज्याला तिच्या पोटी यायचं हाय, त्ये बगतंय," ते म्हणाले. "त्ये बिचकलं तर? म्या खाल्लेल्या घासापाई?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पयल्या सालाला निम्मा दिस बसत हुतो गड्या. आता दोन घटका बसवत न्हाई. वाट लांबत चालली. आनखी दोन सालांनी शिवंवरनंच माघारी फिरायचं."

वाट कशी हलते, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा थोडंसं कळलं, आणि मग बीडला येईपर्यंत पुन्हा कळेनासं झालं.

कचेरीत परत आल्यावर मी माझ्या पद्धतीनं निकाल लावायचा ठरवला. मोठा नकाशा काढला, दिंद्रुड आणि धर्मापुरी या दोन ठिपक्यांवर दोरा ताणून धरला आणि दोरा पट्टीला लावला. साधारण तीस मैल. विमान तासाला नव्वद मैल जातं असं मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं.

"आबा, वीस मिनिटं!"

त्यांनी दोरा हातात घेतला. बराच वेळ धरून बसले. मग हळूच विचारलं, "वीस मिन्टांत भूक लागत न्हाई. न्हाई का?"

त्या दिवसापासून आबा बदलले. घड्याळ कोनाड्यातून खिशात आलं. वीस मिनिटं म्हणजे किती, हे ते घड्याळ पुढं धरून बघत बसत. त्यांचा हिशोब सरळ होता. दिंद्रुडला न्याहारी करून विमानात बसायचं, ती जिरायच्या आत धर्मापुरी. उन्हं कलेपर्यंत लेकीजवळ बसायचं आणि दिवेलागणीला आपल्या घरी जेवायचं. मी त्यांना समजावलं की ही मैदानं तशी नाहीत. इथून तिथं कुणी जाणार नाही. विमान बिघडलं तरच उतरायचं आहे.

"मग बिघडंल की कवातरी," आबा म्हणाले. विचार करून पुढं म्हणाले, "फकस्त दिंद्रुडातच बिघडाया पायजे."

"अहो पण बिघडलेलं विमान धर्मापुरीला कसं जाईल?"

"दुरुस्त झाल्यावर! आन सरकार अंतर ईचारतंय त्ये कावून मग? ज्याला जायाचं नसतं त्यो अंतर ईचारत न्हाई."

मी म्हटलं, ठीक आहे, मग भरतो रकाना. तर त्यांनी माझा हात धरला. "नगं. त्या वाटंनं म्या आजून गेलो न्हाई. न गेलेल्या वाटंचा आकडा लिव्हू नये." कोऱ्या रकान्याकडे बघून माझ्या मात्र अंगाची लाही होत होती. पेशकारांचा तगादा चालूच होता. आबा बार्शी नाक्यापलीकडं मोजणीला गेले त्या दिवशी मी सुबक अक्षरात लिहिलं: तीस मैल, वीस मिनिटे. तक्ता टपालात पडला. आबांना मी सांगितलं नाही. दौत उजव्या बाजूला ठेवली आणि त्या दिवशी छान झोप लागली.

पावसाळ्यानंतर मैदानांवरचं वर्तुळ पुन्हा चुन्यानं आखायचं असे. मार्गशीर्षात, आधी गावात निरोप पाठवून, आम्ही त्या कामाला धर्मापुरीला गेलो. शिवेवर नेहमीप्रमाणे आबांनी तांब्या भरला. मैदानावर येऊन बघतो तर वर्तुळाच्या बरोब्बर मध्ये गोदा बसलेली. पुढ्यात तीन धोंडे मांडून चूल केलेली, शेजारी परात, तवा आणि एक गाठोडं.

"ह्ये काय गं?" आबा लांबूनच ओरडले.

ती उठली नाही. तिथूनच विचारलं, "आबा, म्या बसलेय त्ये कुनाचं शिवार?"

"सरकारचं."

"माज्या सासऱ्याचं न्हाई?"

"न्हाई."

"धर्मापुरीचं?"

आबा थबकले. खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी डोळे मिटून, मला वाटतं, सगळा नकाशा मनात उलगडला. मग म्हणाले, "न्हाई. शिवंच्या भायेर हाय. म्याच काढलंय."

"मग या."

"पीठ कुनाचं?"

"तुमी चैतात आनलेली जवारी. येगळी ठिवली हुती. काल दळली."

"पानी?"

"त्ये तुमच्या तांब्यात हाय की."

"आन सरपन?"

"काटक्या हितल्याच. त्या बी सरकारच्याच."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकलनवीस होतो, मला काय विचारता? पण ते बघत राहिले, म्हणून मी म्हटलं, "कागदाला धरून आहे, आबा." चुन्याची पुसट रेघ ओलांडून ते आत गेले आणि मांडी घालून बसले. तिनं पहिली भाकरी थापली, भाजली, त्यांच्या हातावर ठेवली. वर मीठ आणि तिखट. त्यांनी घास तोडला. तोंडापर्यंत नेला आणि तो हात तिथंच राहिला. गोदा तव्याकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "धूर लागला का डोळ्यांत?" तेव्हा कुठं त्यांनी तो घास खाल्ला.

दिवस मावळेपर्यंत आबा तिथं बसले. बापलेक बोलत होते. बहुतेक गाईबद्दलच. मी मजूर हाताशी घेऊन आबांशिवायच वर्तुळ आखलं, वाकडं आखलं, आणि पुन्हा आखायची इच्छाही झाली नाही.

पौषात हैदराबादेहून जबाब आला. उर्दूत होता, वाचता वाचता माझे कान गरम झाले. धर्मापुरीचं मैदान रद्द. दिंद्रुडच्या मैदानापासून ते फक्त वीस मिनिटांवर असल्याचं कचेरीनं कळवलं आहे, तेव्हा इतक्या जवळ दोन मैदानं राखायची गरज नाही. जमीन मोजून गावच्या गायरानात परत द्यावी. मोजणी याच मोजणीदारानं करावी.

कागद घेऊन मी आबांपुढं उभा राहिलो. वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"रकाना कुनी भरला?"

"मी भरला, आबा."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बराबर भरलास. कागदावर तेवडंच हाय." आणि खिशातलं घड्याळ काढून त्यांनी बैठकीच्या कोपऱ्यात पालथं घातलं.

फाल्गुनात ते एकटेच धर्मापुरीला गेले. नकाशा करून आणला आणि नेहमीसारखा माझ्यापुढं ठेवला. मैदान गायरानात परत गेलेलं होतं, हद्दीच्या खुणा चोख होत्या, क्षेत्र बरोबर होतं. बरोबर म्हणजे, जवळजवळ. मी बेरीज केली तर थोडी जागा कमी भरत होती. पुन्हा केली. मग नकाशाच्या मध्यभागी मला एक बारीकसा चौकोन दिसला. साखळीच्या दहा कड्या लांब, दहा कड्या रुंद. तीन धोंडे, एक परात आणि दोन माणसं बसतील एवढा. शेजारी आबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सरकारी. विमानासाठी राखीव.

हुकुमात असं काही नव्हतं. बांधावरच्या कुऱ्हाडींना न भ्यालेला हा माणूस माझ्यासमोर खाली मान घालून साखळी पुसत होता. एकच कडी पुन्हा पुन्हा पुसत होता. मी वर बघण्याची ते वाट बघत होते, म्हणून मी वर पाहिलं नाही. प्रत केली. चौकोनासकट केली, क्षेत्राची बेरीज जुळवून दिली.

पेशकारांच्या नजरेतून ते सुटलं नाही. चष्मा वर करून त्यांनी बोट ठेवलं. "इत्ती जगह में विमान उतरता?"

"बिघडलेलं उतरतं, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चौकोनाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. त्यांना काय समजलं कोण जाणे.

पुढं माझी बदली झाली. आबा किती वर्षं तिथं जाऊन जेवले, गोदाला मूल झालं का, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. या सगळ्यात माझं काय चुकलं, याचा उलगडा मला अजून नीट होत नाही. नोकरीत हजारो आकडे लिहिले, त्यांतल्या या दोन नोंदी तेवढ्या आठवतात. वीस मिनिटांची नोंद अगदी खरी होती आणि विमानाच्या चौकोनाची निव्वळ थाप होती. लाज मला त्या खऱ्या नोंदीची वाटते.